डायलिसिस थांबवण्याचा निर्णय : धर्म, नीती आणि शुश्रूषा

मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या माणसाने डायलिसिस घ्यायचे नाकारले, किंवा काही वर्षे घेऊन पुढे थांबवले, तर ती आत्महत्या ठरते का? त्याच्या नकाराला मान देणारे कुटुंब आणि डॉक्टर पापाचे धनी होतात का? हा प्रश्न डायलिसिसच्या यंत्रासोबतच जन्माला आला. त्याआधी किडन्या पूर्ण निकामी झाल्या की काही दिवसांत किंवा आठवड्यांत मृत्यू येई आणि त्यात कुणाला काही ठरवावे लागत नसे. यंत्राने आयुष्य वाढवले, आणि ते कुठवर वाढवायचे हे ठरवण्याचा भारही माणसावर टाकला. जुन्या धर्मग्रंथांत या यंत्राचा उल्लेख असणे शक्य नाही. पण जगण्याची इच्छा, असाध्य आजार, देहत्याग आणि आजाऱ्याची सेवा यांविषयी त्या ग्रंथांनी केलेला विचार इथे थेट उपयोगी पडतो. तो विचार, आधुनिक कायदा आणि रुग्णांचा प्रत्यक्ष अनुभव यांची सांगड घातली तर एक गोष्ट स्पष्ट होते. शरीराला पेलेनासा झालेला उपचार नाकारणे ही आत्महत्या नाही. मात्र तो नकार खरोखर रुग्णाचा स्वतःचा असावा लागतो, आणि तो तसा राहील हे पाहण्याची जबाबदारी त्याची शुश्रूषा करणाऱ्यांवर येते.

उपचाराचे स्वरूप

निरोगी मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक भाग शरीराला परत मिळतो आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. रक्तातील टाकाऊ द्रव्ये काढणे, पाणी आणि क्षार यांचा तोल राखणे, रक्तदाब आटोक्यात ठेवणे, रक्तपेशी तयार करायला लावणारे संप्रेरक स्रवणे, हाडांसाठी ड जीवनसत्त्व कार्यक्षम करणे अशी त्यांची अनेक कामे आहेत. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्यांच्या ऱ्हासाची प्रमुख कारणे होत. गाळण्याची क्षमता मिनिटाला 15 मिलिलिटरच्या खाली गेली की आजार शेवटच्या टप्प्यात पोहोचला असे मानतात.

या टप्प्यावर तीन मार्ग असतात. पहिला मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाचा. दुसरा डायलिसिसचा. तिसरा म्हणजे डायलिसिस न करता औषधे, आहार आणि वेदनाशमन यांच्या आधाराने उरलेले दिवस शक्य तितके सुसह्य करणे. रक्ताचे डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास चालते. भारतात खर्चापायी अनेक जण दोनदाच करतात. दर वेळी हातात धमनी आणि शीर जोडून तयार केलेल्या फिस्टुलामध्ये दोन जाड सुया टोचतात. एका बैठकीत सुमारे 120 लिटर शुद्ध केलेले पाणी लागते. पोटातून करायच्या डायलिसिसमध्ये साधारण दोन लिटर द्रावण दिवसातून चार वेळा बदलतात. ते घरी करता येते, पण त्यात स्वच्छता काटेकोरपणे पाळावी लागते.

डायलिसिस मूत्रपिंडाच्या कामाचा काही भागच करते. आजार तसाच राहतो आणि उपचार थांबला की थोड्या दिवसांत मृत्यू येतो. त्यामुळे डायलिसिस स्वीकारणे म्हणजे जगण्याची एक नवी रीत पत्करणे होय. पाणी मोजून प्यायचे, फळे निवडून खायची, प्रवास यंत्राच्या वारांप्रमाणे आखायचा आणि यंत्रावरून उतरल्यावरचा थकवा सोसायचा. या रीतीने वीस-वीस वर्षे कामधंदा सांभाळून, मुलांचे शिक्षण आणि लग्नकार्ये पार पाडून जगलेली माणसे आहेत. वय ऐंशीच्या घरात, हृदय दुबळे, स्मृती गेलेली, अंथरुणाला खिळलेले अशा अवस्थेत मात्र डायलिसिसने आयुष्य फारसे वाढत नाही, आणि वाढले तरी त्यातला मोठा वाटा रुग्णालयातच जातो. धर्माचा आणि नीतीचा प्रश्न या दोन टोकांच्या मधल्या रुग्णांपुढे सर्वांत तीव्रतेने उभा राहतो.

कोणाला जगवायचे?

नेदरलँड्समधील कांपेन या गावी विलेम कोल्फ या डॉक्टरने 1943 मध्ये, जर्मन ताब्याच्या काळात, माणसावर प्रभावीपणे वापरता येईल असे पहिले डायलिसिस यंत्र बनवले. ते काही दिवसांच्या तात्पुरत्या बिघाडासाठी उपयोगी होते, कारण प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. अमेरिकेत सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी 1960 मध्ये टेफ्लॉनची नळी हातात कायम बसवण्याची सोय केली आणि तेव्हापासून दीर्घकाळ डायलिसिस शक्य झाले. 1966 मध्ये धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला आला. तो आजही वापरात आहे.

सिएटलमध्ये 1962 साली सुरू झालेल्या केंद्रात यंत्रे मोजकी आणि रुग्ण पुष्कळ होते. वैद्यकीयदृष्ट्या योग्य ठरलेल्या रुग्णांतून कोणाला यंत्र द्यायचे हे ठरवायला सात जणांची समिती नेमली गेली. तिच्यात बहुसंख्य सामान्य नागरिक होते. वकील, धर्मोपदेशक, बँकर, गृहिणी आणि कामगार नेता तिच्यात बसत. रुग्णाचे वय, विवाह, मुलेबाळे, उत्पन्न, शिक्षण, समाजातील उपयोग यांचा विचार तिथे होई. त्याच वर्षी ‘लाइफ’ साप्ताहिकात शाना अलेक्झांडर यांनी त्यावर लेख लिहिला आणि मोठी खळबळ उडाली. एका माणसाचे आयुष्य दुसऱ्याच्या आयुष्यापेक्षा अधिक मोलाचे ठरवण्याचा अधिकार कोणाला, हा आधुनिक वैद्यकीय नीतिशास्त्राच्या आरंभीच्या प्रश्नांपैकी एक आहे आणि तो डायलिसिसच्या खाटेपाशी उभा राहिला. अमेरिकेने 1972 मध्ये कायदा करून जवळजवळ सर्वच रुग्णांच्या डायलिसिसचा खर्च सरकारी विम्यात आणला, तेव्हा अशा समित्यांची गरज संपली.

यंत्रे सर्वांना मिळू लागल्यावर प्रश्नाने दुसरे रूप घेतले. उपलब्ध आहे म्हणून प्रत्येकाने घेतलेच पाहिजे का? भारतात हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी जिवंत आहेत. 2016 साली जाहीर झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत केंद्रे सुरू झाली; महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून डायलिसिस होते. तरीही केंद्रापर्यंतचा प्रवास, बुडणारी मजुरी, इंजेक्शने आणि तपासण्या यांचा भार कुटुंबावरच पडतो. इथे कोणी डायलिसिस बंद करतो तेव्हा तो आयुष्याला पुरेसा मानून करतो की गाडीभाडे उरले नाही म्हणून, हे वेगळे करून पाहावे लागते.

जगण्याची इच्छा हाही धर्म

डायलिसिस घेणाऱ्याला कधी कधी ऐकवले जाते की देह नश्वर आहे, त्याचा एवढा मोह कशाला. आजार हे प्रारब्ध आहे, ते भोगून संपवावे. या बोलण्याला भारतीय परंपरेचा आधार आहे असा समज असतो. परंपरा इतकी एकसुरी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात माणसाने बाळगाव्यात अशा तीन इच्छा सांगितल्या आहेत: प्राणाची, धनाची आणि परलोकाची. त्यांत प्राणाची इच्छा पहिली, कारण प्राण गेला तर बाकी सारेच जाते. म्हणजे जगण्यासाठी खटपट करणे ही धर्माच्या मार्गातली पहिली पायरी ठरते.

आयुष्याची मर्यादा आधीच ठरलेली असते का, यावरही त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात चर्चा आहे. शिष्य अग्निवेशाच्या प्रश्नाला गुरू आत्रेयांनी दिलेले उत्तर असे, की आयुष्य दैव आणि पुरुषार्थ या दोहोंवर अवलंबून असते आणि दुबळ्या दैवावर प्रबळ पुरुषार्थ मात करतो. त्यांनी गाडीच्या आसाचा दाखला दिला आहे. चांगला आस नीट वापरला तर आपल्या काळानेच झिजतो. जादा ओझे, खराब रस्ता, वंगणाचा अभाव यांमुळे तोच वाटेत मोडतो. या विचाराप्रमाणे तिशीतल्या रुग्णाने डायलिसिस घेऊन प्रत्यारोपणाची वाट पाहणे हे दैवाशी केलेले भांडण ठरत नाही. तो त्याचा पुरुषार्थ आहे.

मात्र त्याच चरकाने साध्य आणि असाध्य यांत भेद करायला वैद्याला बजावले आहे. असाध्य रोगावर उपचार करत राहणाऱ्या वैद्याची विद्या, यश आणि धन यांची हानी होते असे तो म्हणतो. कोणत्याही अवस्थेत उपचार चालूच ठेवावा, हा आग्रह जुन्या आयुर्वेदात नाही. वैद्याने मर्यादा ओळखावी आणि ती स्पष्ट सांगावी, अशी त्याची अपेक्षा आहे.

देहत्यागाविषयीचे विचार

धर्मशास्त्राने आत्महत्येचा सामान्यतः कठोर निषेध केला आहे. परंतु महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे त्याला अपवादही होते. अत्रिस्मृतीसारख्या ग्रंथांनी अतिवृद्ध, शौचादी कर्मे स्वतः करू न शकणारा आणि वैद्यांनी हात टेकलेला रुग्ण यांच्या देहत्यागाला निंद्य मानले नाही. पुढे कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात निषिद्ध मानलेल्या आचारांच्या, यादीत अशा वृद्धांच्या मरणालाही मनाई आली. एकाच परंपरेत दोन भूमिका आढळतात त्याचे कारण उघड आहे: करुणा आणि जिवाचे रक्षण ही दोन्ही मूल्ये तिला सोडवत नव्हती.

जैन परंपरेने या प्रश्नाचा सर्वांत पद्धतशीर विचार केला. समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथात सल्लेखनेची, म्हणजे अन्नपाणी क्रमाक्रमाने सोडून व्रतपूर्वक देह ठेवण्याची, कारणे दिली आहेत: ज्यावर इलाज नाही असे संकट, दुष्काळ, वार्धक्य किंवा रोग. सल्लेखनेआधी वैर, मोह आणि आसक्ती सोडावी लागते, सर्वांची क्षमा मागावी लागते आणि गुरूची अनुमती घ्यावी लागते. मरणाची घाई करणे हा त्यात दोष मानला आहे, तसाच जगण्याचा हव्यास हाही दोष. दिगंबर आचार्य शांतिसागर यांनी 1955 मध्ये, दृष्टी मंदावून अहिंसाव्रत पाळणे अशक्य होऊ लागले तेव्हा, कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली.

डायलिसिसला हा निकष लावताना एक अडचण येते. जोवर यंत्र चालू आहे तोवर आजारावर इलाज नाही असे म्हणता येईल का? रक्तातले विष निघते, म्हणजे इलाज आहे. पण रोग बरा होत नाही आणि शरीराची घसरण थांबत नाही, म्हणजे इलाज नाही. यावर यंत्राच्या आकड्यांवरून उत्तर मिळणार नाही. ज्या हेतूने माणूस जगतो, म्हणजे नाती, काम, उपासना आणि विचार, तो हेतू या उपचाराने साधतो का, हे पाहावे लागते. तो साधत असेल तर इलाज आहे. शरीर केवळ एका बैठकीपासून दुसऱ्या बैठकीपर्यंत ओढले जात असेल तर इलाज संपलेला आहे.

ख्रिस्ती परंपरेने याच प्रश्नाला उपचाराच्या ओझ्याच्या बाजूने हात घातला. पोप पायस बारावे यांनी 1957 मध्ये भूलतज्ज्ञांपुढील भाषणात सामान्य आणि असामान्य साधनांत भेद केला: सामान्य साधनांनी जीव राखणे कर्तव्य आहे, असामान्य साधनांची सक्ती नाही. व्हॅटिकनच्या 1980 च्या निवेदनाने तो भेद उपचाराचा लाभ आणि त्याचे ओझे यांच्या प्रमाणाच्या भाषेत मांडला. मृत्यू अटळ असताना केवळ क्लेशमय आणि अनिश्चित लांबण देणारा उपचार नाकारणे आत्महत्येसारखे नाही, असे त्यात म्हटले आहे. गोव्यातील आणि वसईतील कॅथलिक कुटुंबांना हा निर्णय घेताना आपल्या धर्मगुरूंकडून याच शिकवणीचा आधार मिळू शकतो. तिचे वैशिष्ट्य असे, की डायलिसिस सरसकट सामान्य किंवा असामान्य ठरत नाही. पंचवीस वर्षांच्या तरुणाला ते सामान्य साधन असते आणि जर्जर झालेल्या नव्वदीच्या माणसाला तेच असामान्य ठरू शकते.

इस्लाममध्ये जीव ही अल्लाहची ठेव मानली जाते आणि आत्महत्या निषिद्ध आहे. उपचार घेणे इष्ट मानले आहे. पण ज्याचा लाभ अनिश्चित किंवा नगण्य आहे अशा उपचाराची सक्ती अनेक धर्मपंडितांनी मानलेली नाही. आजाऱ्याला रमजानच्या रोज्यांतून सूट कुराणातच दिलेली आहे. जो पुढेही रोजे धरू शकणार नाही त्याने गरिबाला अन्न द्यावे, अशी तरतूद आहे. पाणी आणि पोटॅशियम यांचा तोल नाजूक असलेल्या डायलिसिसच्या रुग्णाने ही सूट घेतली तर तो धर्माचे पालनच करत असतो.

दोन गांधीमार्गी, दोन निर्णय

एकाच विचारपरंपरेतली दोन माणसे या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे देऊ शकतात आणि दोन्ही उत्तरे प्रामाणिक असू शकतात, याचे उदाहरण आधुनिक भारताच्या इतिहासात आहे. जयप्रकाश नारायण यांनी 1954 मध्ये बोधगया येथे विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीसाठी जीवनदान केले, म्हणजे आपले आयुष्य तिला वाहिले. दोघेही गांधीजींना मानणारे आणि दोघेही सर्वोदयाचे.

आणीबाणीत जून 1975 मध्ये अटक झालेल्या जयप्रकाशांची मूत्रपिंडे स्थानबद्धतेच्या काळात निकामी झाली. नोव्हेंबरमध्ये सुटका झाल्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचे डायलिसिस सुरू झाले आणि 8 ऑक्टोबर 1979 रोजी पाटण्यात निधन होईपर्यंत ते डायलिसिसवर जगले. या काळात 1977 ची निवडणूक झाली, विरोधी पक्षांना एकत्र आणून जनता पक्ष उभा करण्यात त्यांचा वाटा राहिला आणि देशात सत्तांतर झाले. यंत्राने दिलेली चार वर्षे त्यांनी लोकशाहीच्या कामी लावली. देहाची आसक्ती म्हणून त्यांनी यंत्र स्वीकारले, असे कोणी म्हणू शकणार नाही.

विनोबांना नोव्हेंबर 1982 मध्ये पवनार आश्रमात हृदयविकाराचा झटका आला. त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे बंद केले. अनेकांनी आग्रह केला, पण त्यांनी निश्चय बदलला नाही आणि 15 नोव्हेंबर रोजी देह ठेवला. वय 87 होते. आयुष्यभराचे काम झाले होते आणि मन तयार होते.

या दोन निर्णयांतला एक खरा आणि दुसरा खोटा ठरवता येत नाही. हाती काम उरले असताना यंत्र स्वीकारणे आणि काम संपल्यावर औषध नाकारणे, दोन्हींत देहाकडे साधन म्हणून पाहण्याची एकच दृष्टी आहे. दोघांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट समान होती. दोघांभोवती जिवाला जीव देणारी माणसे होती, आणि पैशाअभावी किंवा कोणाला ओझे वाटून त्यांना निर्णय घ्यावा लागला नाही. सामान्य रुग्णाच्या वाट्याला हे स्वातंत्र्य क्वचितच येते.

कायद्याची भूमिका

सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ग्यान कौर खटल्यात जगण्याच्या अधिकारात मरण्याचा अधिकार येत नाही असे सांगितले. पण नैसर्गिक अंत जवळ आलेला असताना सन्मानाने मरणे हा त्या अधिकाराचाच भाग असल्याचेही नोंदवले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात चार दशके अचेत अवस्थेत राहिलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या संदर्भातील 2011 च्या निकालाने जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट काही अटींवर खुली केली. 9 मार्च 2018 रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा अधिकार आणि इच्छापत्राद्वारे उपचारांबाबत आधीच सूचना देण्याचा अधिकार मान्य केला. जानेवारी 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सोपी करण्यात आली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर असे पत्र करता येते.

शुद्धीवर असलेल्या, समज शाबूत असलेल्या प्रौढ माणसाला डायलिसिस नाकारता येते, हे या निकालांतून निघते. शुद्ध हरपल्यावर मात्र त्याच्या वतीने निर्णय घेताना वैद्यकीय मंडळांची प्रक्रिया पाळावी लागते. डायलिसिसच्या रुग्णाला अखेरच्या काळात गुंगी येते. त्यामुळे आपली इच्छा शुद्धीत असतानाच बोलून आणि लिहून ठेवणे त्याच्या आणि कुटुंबाच्या हिताचे असते. सल्लेखनेचा प्रश्न वेगळा आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये ती आत्महत्येसमान ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्या निकालाला स्थगिती दिली.

नकार कोणाचा?

धर्म आणि कायदा दोघेही नकाराला जागा देतात. त्यामुळे पुढचा प्रश्न नकाराच्या मुळाशी जाण्याचा आहे. रुग्ण ‘आता नको’ म्हणतो तेव्हा त्यामागे चार-पाच वेगवेगळी कारणे असू शकतात.

एक कारण शरीराचे असते. डायलिसिस पुरेसे होत नसेल, रक्त फार कमी असेल, यंत्रावर असताना रक्तदाब कोसळून पायांत गोळे येत असतील, तर जगणे नकोसे होते. ड्राय वेट (जादा पाणी काढल्यानंतरचे अपेक्षित वजन) बदलून, पाणी काढण्याचा वेग कमी करून आणि रक्तवाढीचे इंजेक्शन वेळेवर देऊन हा त्रास कमी करता येतो. दुसरे कारण नैराश्याचे. डायलिसिसवरच्या रुग्णांत ते पुष्कळ आढळते आणि त्यावर उपचार आहेत. तिसरे पैशाचे. चौथे, घरातल्यांवर ओझे झाल्याची भावना. महाराष्ट्रातील कुटुंबांत ती वृद्ध स्त्रियांच्या तोंडून विशेष ऐकू येते. मूत्रपिंडदानात याची दुसरी बाजू दिसते: भारतात जिवंत दात्यांमध्ये बायका, आया आणि बहिणी बहुसंख्य असतात, तर मूत्रपिंड मिळणाऱ्यांमध्ये पुरुष. जिचे शरीर घराला देण्यासाठी गृहीत धरले जाते, तिच्यासाठी घराने खर्च करावा हे मात्र तिला स्वतःलाच जड वाटते. हा अन्याय त्यागाच्या नावाखाली झाकला जाऊ नये.

या चार कारणांनी आलेला नकार दूर करता येण्याजोगा आहे आणि तो दूर करणे कर्तव्य आहे. हे सगळे तपासून, त्रास कमी करून, मदत उभी करूनही रुग्ण शांतपणे आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत असेल, तर तो पाचव्या प्रकारचा नकार होय: आयुष्य पुरेसे झाल्याची जाणीव. सल्लेखनेआधी आसक्ती आणि वैर सोडण्याची अट, गुरूची अनुमती, घाई करण्याला दोष मानणे या साऱ्यांचा हेतू हाच होता, की निराशेतून आलेला निर्णय आणि समजुतीने घेतलेला निर्णय वेगळे ओळखता यावेत. आधुनिक वैद्यकाने त्यासाठी दोन साधने दिली आहेत. एक म्हणजे रुग्ण, कुटुंब आणि डॉक्टर यांनी एकत्र बसून निर्णय घेणे. दुसरे ठरावीक मुदतीची चाचणी: लाभाची खात्री नसेल तेव्हा महिना-दोन महिने डायलिसिस करून पाहायचे आणि काय साधले तर पुढे चालू ठेवायचे हे आधीच ठरवायचे. त्यामुळे एकदा सुरू केले की कायमचे बांधले जाऊ, ही भीती जाते.

शुश्रूषेचा धर्म

चरकाने चिकित्सेचे चार आधार सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाचे चार गुण म्हणजे उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी प्रेम आणि शुचिता. डायलिसिसच्या रुग्णाच्या घरी हे चारही रोज लागतात. ज्ञान म्हणजे फिस्टुलाच्या हाताला सुई टोचू न देणे, त्या हातावर रक्तदाब न मोजणे, त्यातली थरथर रोज हात लावून पाहणे. दक्षता म्हणजे रोज वजन करणे, पाण्याची मोजणी ठेवणे, धाप लागली किंवा हातापायांतली शक्ती एकाएकी गेली तर लगेच रुग्णालय गाठणे. शुचिता पोटाच्या डायलिसिसमध्ये जीव वाचवते. आणि प्रेम नसेल तर या साऱ्याची शिस्त रुग्णाला शिक्षेसारखी वाटते.

रुग्णाचेही गुण सांगितले आहेत: त्रास नीट आठवून सांगणे, सूचना पाळणे आणि धीर धरणे. बौद्ध विनयातील महावग्गात शुश्रूषेला सुलभ रुग्ण कोणता हे जवळजवळ याच शब्दांत आले आहे: हितकर गोष्टी करणारा, प्रमाण जाणणारा, औषध घेणारा, आजार खरा सांगणारा, वेदना सोसणारा. तिथेच हगवणीने आजारी, एकाकी पडलेल्या भिक्षूला बुद्धांनी आनंद या शिष्याच्या मदतीने स्वतः धुऊन अंथरुणावर निजवल्याची कथा आहे. आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा समजा, अशी शिकवण त्यांनी संघाला दिली. आई-वडील मागे ठेवून आलेल्या भिक्षूंनी एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार, हा त्यांचा प्रश्न आज मुले दूर गेलेल्या वृद्ध रुग्णांच्या शेजाऱ्यांना आणि समाजालाही लागू पडतो.

धर्माचरण आणि पथ्य यांचा मेळ घालणे हाही शुश्रूषेचाच भाग आहे. एकादशीच्या किंवा नवरात्राच्या उपवासाला चालणारे बटाटे, रताळी, केळी, शेंगदाणे, खजूर यांत पोटॅशियम भरपूर असते, आणि ते रक्तात वाढले तर हृदय अचानक थांबू शकते. शहाळ्याचे पाणी निरोग्याला हितकर असले तरी या रुग्णाला घातक ठरू शकते. उपवासाला शेंदेलोण वापरले तरी त्यात सोडियम असतेच. कमी सोडियमच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम असते, ते त्याहून धोक्याचे. अशा रुग्णाने उपवासाऐवजी नामस्मरण, पारायण किंवा अन्नदान करावे. व्रताचा हेतू संयम हा आहे, आणि दिवसाला मोजक्या पाण्यावर राहणारा माणूस वर्षभर संयमच पाळत असतो.

थांबवल्यानंतरची सेवा

डायलिसिस थांबवण्याचा निर्णय झाला म्हणजे उपचार संपत नाहीत, त्यांचा हेतू बदलतो. थोडीही लघवी होत नसेल तर साधारण आठवडा ते दहा दिवसांत मृत्यू येतो. मूत्रपिंडे थोडी चालत असतील तर अधिक काळ जातो. हळूहळू भूक मंदावते, झोप वाढते आणि गुंगी येते. योग्य काळजी घेतली तर हे मरण बहुधा शांत असते. खाज, मळमळ, उचकी, अस्वस्थता यांवर औषधे देता येतात. मॉर्फीनचे अवशेष मूत्रपिंडाविना शरीरात साचतात, म्हणून वेदना आणि धाप यांसाठी फेंटॅनिलसारखे औषध बरे पडते. पाणी साचून दम लागण्याची भीती सर्वांत मोठी असते. त्यासाठी द्रव मर्यादित ठेवतात आणि प्रसंगी केवळ पाणी काढण्यापुरते यंत्र लावता येते. पथ्य सैल करून आवडीचा घास देता येतो. रुग्णाने मन बदलले तर डायलिसिस पुन्हा सुरू करता येईल, हे त्याला स्पष्ट सांगितलेले असावे.

या दिवसांत धर्माचे काम मोठे असते. क्षमा मागणे आणि करणे, देणेघेणे मिटवणे, गंगाजल किंवा तीर्थाचा घोट, हरिपाठ, कलमा, बुद्धवंदना, कॅथलिक रुग्णाला अखेरचा संस्कार यांनी रुग्णाला आणि मागे राहणाऱ्यांना धीर येतो. ‘आम्ही त्याला मारले’ ही टोचणी कुटुंबाला वर्षानुवर्षे छळू शकते. मृत्यू आजाराने झाला, निर्णयाने फक्त त्याची वाट अडवणे थांबले, हे डॉक्टरांनी आणि धर्मगुरूंनी त्यांना आवर्जून सांगायला हवे.

नकाराचा अधिकार आणि शुश्रूषेचे कर्तव्य एकमेकांना धरून आहेत. ज्या समाजात डायलिसिस परवडत नाही, केंद्र दूर आहे आणि वेदनाशमनाची सोय नाही, तिथे रुग्णाला जगण्याची मोकळीक नसते आणि मरणाचीही नसते. गरिबीपायी थांबलेल्या डायलिसिसला त्याग किंवा प्रारब्ध म्हणणे हे धर्माच्या नावाने केलेले असत्य आहे. उलट, सर्व मदत हाती असताना, सर्वांचे ऐकून घेऊन एखाद्याने शांतपणे पुरे म्हटले, तर त्याला आत्महत्येचा दोष लावणेही तितकेच अन्यायाचे आहे. जगू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला उपचार मिळावा आणि थांबू इच्छिणाऱ्याला सेवा मिळावी, अशी व्यवस्था उभी करण्याची जबाबदारी समाजाची आहे. ती व्यवस्था झाली की डायलिसिस घ्यायचे की थांबवायचे हे ठरवण्याचा हक्क खऱ्या अर्थाने रुग्णाचा होतो.